तळघरातली जित्राबं

कोल्हापूरला मी एक सही करायला गेलो होतो. त्यासाठी पाच दिवस राहिलो, आणि जी सही करायला गेलो ती केलीच नाही. परत आल्यापासून छापखान्यातली माणसं विचारतात, रंकाळा पाहिला का, देवीचं दर्शन झालं का, चपला आणल्या का. रंकाळा रिक्षातून पाहिला. चपला आणल्या नाहीत. जे पाहिलं ते उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून सावकाश लिहून काढतो आहे.

मी अमरावतीला मुद्रितं तपासतो. माझी धाकटी बहीण वसुधा कोल्हापूरला यीस्टवर संशोधन करत होती. पाव फुगवणारं, रस आंबवणारं ते यीस्ट. गेल्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला आणि नवव्या दिवशी ती गेली. तेहेतीस वर्षांची होती. मागे तिचा एक शोधनिबंध जवळजवळ तयार होता. तिच्या मार्गदर्शक बाईंनी तो पूर्ण केला आणि कळवलं की लेखक हयात नसल्यामुळे छापायला पाठवण्याआधी जवळच्या नातेवाइकाची संमती लागते. आईवडील नाहीत. जवळचा असा मीच.

बाईंनी तिच्या प्रयोगाच्या वह्याही मला वाचायला पाठवल्या होत्या. परत करण्याच्या बोलीवर. पाच महिने मी त्या रोज थोड्या वाचल्या. प्रयोग इंग्रजीत, बाकीचं मराठीत. शास्त्र कितपत कळलं सांगता येत नाही, पण तिचं अक्षर आता मला माझ्याच अक्षरापेक्षा जास्त ओळखीचं आहे.

मंगळवार, शाहूपुरी

बडनेऱ्याहून निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. मिरजेनंतर ऊस सुरू झाला तो संपेचना. आमच्याकडे जानेवारीत कपाशी वेचून झालेली असते, उघडी काळी माती दिसते. इथे माती दिसायलाच जागा नाही.

स्टेशनाबाहेर मिसळ मागवली. पावाऐवजी स्लाइस ब्रेड आला. वाढणारा गृहस्थ हातात भांडं घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पावणं, कट ओतू?"

आमच्याकडची तर्री म्हणजे इथला कट, हे मला ठाऊक नव्हतं. मी हो म्हणालो. तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रडू नगा," तो म्हणाला. "दही आणतो."

दही खाऊन झाल्यावरही पाणी थांबलं नाही. तो पुन्हा आला, माझ्याकडे बघितलं, आणि दह्याची दुसरी वाटी न बोलता ठेवून गेला.

वसू राहायची ते घर गुळाच्या पेठेत आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि दुकानाच्या खाली दगडी तळघर, जिथे गुळाच्या ढेपा रचून ठेवतात. घर लिंगायतांचं. घरधनीण सत्तरीच्या पुढच्या. सगळी पेठ त्यांना अव्वा म्हणते, म्हणजे कन्नडात आई. वसूही तेच म्हणायची. माहेर कुरुंदवाडच्या बाजूचं. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि चिडल्या की दोन्ही. स्वतःबद्दल बोलताना इथल्या बायकांसारखं 'मी गेलो, मी आलो' म्हणतात. दुकान त्यांचा मुलगा बसवराज बघतो.

मी जिना चढलो तर अव्वा वरच उभ्या होत्या.

"आलासा? हातपाय धुवा. रडायचं आसंल तर जेवल्यावर. उपाशीपोटी रडू नये."

जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांगं. आमच्याकडे परक्या घरी पाहुणा 'नको' म्हणतो आणि दोनदा आग्रह झाल्यावर घेतो. मी पहिल्यांदा नको म्हणालो आणि अव्वांनी टोपलं उचलून नेलं. बसवराज हसायला लागला. "पावणं, हितं न्हाई म्हनलं की न्हाईच. पायजे आसंल तर वरडायचं." मी हळूच ओरडलो. टोपलं परत आलं.

वसूची खोली अजून त्यांनी कुणाला दिलेली नाही. पलंगावरची चादर धुतलेली होती. अव्वा दर सोमवारी ती बदलतात, असं बसवराजने मला जिन्यात हळू आवाजात सांगितलं.

बुधवार

वसूच्या मार्गदर्शक बाई, कांबळे मॅडम, पन्नाशीच्या आहेत, आवाज मोठा आणि बोलणं सरळ. टेबलावर बुद्धाची लहान मूर्ती, भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, आणि खिडकीत एक जुना लोखंडी साचा, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला. त्यांचे वडील शिरोलीच्या एमआयडीसीत ओतकामाच्या कारखान्यात होते. साचा त्यांचाच.

"बसा की. उभं का?" त्या म्हणाल्या, आणि लगेच कामाचं बोलू लागल्या. त्यांना रडणाऱ्या नातेवाइकांशी बोलता येत नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मला बरं वाटलं.

वसूने काय केलं होतं ते मी इथे माझ्या बुद्धीप्रमाणे सांगतो.

यीस्टच्या पेशीत आठ प्रथिनांचं मिळून झालेलं एक यंत्र असतं. ते पेशीच्या आतल्या एका पडद्यात रुतून बसलेलं असतं. नवं प्रथिन मण्यांच्या सरीसारखं ओवलं जात पडद्यातून आत येऊ लागलं की हे यंत्र ती सर तपासतं. तीन मणी एका ठरावीक क्रमाने आले, की चौदा साखरांची एक तयार फांदी उचलून तिथे जोडतं. फांदी लागली नाही तर सर नीट घडी घेत नाही, आणि चुकीच्या घडीचं प्रथिन पेशीच्या उपयोगाचं नसतं. अशीच यंत्रं आपल्याही शरीरात आहेत.

वसू मला फोनवर म्हणाली होती, "दादा, तू काय करतोस? काना, मात्रा, वेलांटी बघतोस आणि खूण करतोस. हे पण तेच करतं, तीन अक्षरं बघून. फक्त पगारवाढ मागत नाही."

आठांपैकी एकच भाग प्रत्यक्ष जोडणी करतो. बाकीचे त्याला धरून ठेवतात, सर त्याच्यापुढे आणतात. सगळ्यांत लहान भाग फक्त छत्तीस मण्यांचा आहे, इतका लहान की इतरांत हरवूनच जावा. जोडणी करणारा आणि त्याचा एक शेजारी यांना तो एकत्र धरतो. वसूने यीस्टमधून नेमका हा छत्तीस मण्यांचा भाग काढून टाकला होता. असं यीस्ट पंचवीस अंशाला जगतं. सदतीस अंशाला, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेला, यंत्र ढिलं पडतं आणि पेशी वाढायची थांबते.

मॅडमनी मला एक फोटो दाखवला. ज्या प्रथिनावर चार फांद्या लागायला हव्यात ते धडधाकट यीस्टमध्ये एकाच ठळक पट्टीत वर दिसतं. वसूच्या यीस्टमध्ये त्या पट्टीखाली आणखी पट्ट्या होत्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. तीन फांद्यांचं प्रथिन, दोन फांद्यांचं प्रथिन.

"आणि हा सात नंबर," त्या म्हणाल्या.

सात नंबरच्या रकान्यात शिडी नव्हती. वर एकच पट्टी, चारही फांद्यांची. तो छत्तीस मण्यांचा भाग नसूनही हे यीस्ट सदतीस अंशाला मजेत वाढत होतं. म्हणजे यंत्राने त्या भागावाचून एकत्र राहायचा दुसरा कुठलातरी मार्ग शोधला होता. तो मार्ग अजून कुणी पाहिलेला नव्हता. वसूने त्यावर दोन वर्षं काढली. निबंध त्याचाच.

सात नंबर मिळाला कसा, तेही वहीत होतं. एका मे महिन्यात प्रयोगशाळेची थंड पेटी जळाली. उन्हाळा असा की खोलीतच सदतीस. वसूने आपल्या सगळ्या प्लेटा, म्हणजे ज्यांत खळीसारख्या थरावर यीस्ट वाढवतात त्या चपट्या झाकणाच्या डब्या, अव्वांच्या गुळाच्या तळघरात नेऊन ठेवल्या. पेठेत त्याहून गार जागा नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला फोन केला की आई गेली. तेरा दिवसांनी ती परतली तेव्हाची नोंद सहाव्या वहीत आहे. ती मला पाठ आहे.

'तळघर गार. प्लेटा जागच्या जागी. अव्वांना विचारलं, कुणी हात लावला नाही.'

त्याच्या पुढच्या पानावर, दोनदा अधोरेखित: 'सात नंबर ३७ वर वाढतोय.'

मी वह्या परत केल्या तेव्हा मॅडमनी ती सहावी वही चाळून एका पानावर बोट ठेवलं. तिथे एका आकड्यावर एकच आडवी रेघ होती, शेजारी दुसरा आकडा, खाली सही आणि तारीख. "बघा, खोडाखोड नाही. चुकलं तर एक रेघ, चूक वाचता यायला पाहिजे. शेजारी बरोबर, खाली सही. आमच्याकडे असंच. तिला सांगावं लागलं नाही कधी."

तिला कुणी शिकवलं ते मला माहीत होतं. मुद्रितावर मीही असंच करतो. ती लहानपणी शेजारी बसून बघायची.

त्यांनी संमतीपत्र पुढे केलं. मी म्हणालो, एक दिवस द्या, निबंध एकदा तपासतो. अर्थ कळला नाही तरी स्पेलिंगं कळतात.

"तपासा की. ती म्हणायची, दादाच्या हातून गेलं की पुढं काळजी नाही."

रात्री तपासला. स्पेलिंगच्या तीन चुका. पहिल्या ओळीत तिचं नाव बरोबर होतं. मी इतकी नावं तपासली आहेत आजवर, पण हे एक मी बराच वेळ तपासत होतो.

गुरुवार

सकाळीच जाऊन सही करणार होतो. अव्वा म्हणाल्या जेवून जा, हुग्गी केली आहे. हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर. वसूला आवडायची.

पानावर बसल्यावर अव्वांनी विचारलं, "वसूची जित्राबं काय झाली वो?"

जित्राबं म्हणजे गुरंढोरं. मला कळलं नाही.

"त्या डब्यांतली. खाली ठेवलीती की तिनं."

"आहेत," मी म्हणालो. "त्यांतल्याच एकावर तिचा निबंध आहे. सात नंबरच्या."

"मग." अव्वांनी खिरीवर तूप सोडलं. "जगवली कुनी?"

"आता काढली बगा गोष्ट," बसवराज म्हणाला. "मला धा येळा सांगिटल्याली हाय."

"तू गप. पावण्यास्नी कुठं म्हाईत हाय." त्या माझ्याकडे वळल्या. "तुमची आई गेली तवा पोरगी तशीच गाडीत बसली. जेवली बी न्हाई. आमच्यात कसं आसतंय, कुनाच्या घरात मयत झालं, मानसं गावाला गेली, की त्येंची जित्राबं शेजाऱ्यानं बगायची. वैरण, पानी. सांगावं लागत न्हाई. आठ दिवसांनी मी खाली गेलतो तर डब्यांत भेगा पडल्याल्या. पार वाळून गेलतं. ती म्हनायची, अव्वा, जिती हाईत ही, साखरंवर जगत्यात. मग म्हनलं, मालकीन सुतकात आन ही उपाशी, ह्ये कसं? गुळाचं पानी केलं. फडक्यानं गाळून घेतलं बरं का. येकेकाचं झाकान काढून बोटानं दोन-दोन थेंब. समद्यांस्नी. ती येईस्तवर रोज."

मला त्या क्षणी जे ऐकू आलं ते खाली ढेप फरशीवर ठेवल्याचा आवाज होता. एक, मग दुसरी. घास तोंडात तसाच होता.

"तिला सांगितलं होतंत?" मी विचारलं.

अव्वांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं.

"ती आली ती आदी खालीच गेली. मग वर येऊन दारात हुबी ऱ्हायली. म्हनाली, अव्वा, डब्यांस्नी कुनी हात लावला न्हाई न्हवं? आईला पोचवून आल्याली पोर. त्वांड एवढुसं झाल्यालं. म्हनलं, चिडंल. म्हनलं, न्हाई बाई, कुनी न्हाई." मग त्या हसल्या, आणि पदराने डोळे पुसले. "फुडं म्हनाली, अव्वा, तुमच्या घरात माजी जित्राबं सुदारली. मी मनातल्या मनात हासलो."

मी खीर संपवली. ती कशी लागली ते आठवत नाही. हात धुतले आणि बाहेर पडलो.

पेठेतून दोन चकरा मारल्या. सगळीकडे गुळाचा वास. मला शास्त्र कळत नाही, पण पाच महिने तिच्या वह्या वाचल्यावर इतकं कळत होतं की गुळाच्या पाण्यातही यीस्ट असतं, आणि ते सदतीस अंशाला मरत नाही. त्याचे आठही भाग शाबूत असतात. त्याला शिडी कशाला असेल?

आणखी एक गोष्ट आठवली. आईच्या चौथ्या दिवशी वसू म्हणाली होती, "दादा, मी दोन दिवस जाऊन येते, माझ्या प्लेटा वाळतील." मी म्हणालो होतो, "आईपेक्षा प्लेटा मोठ्या झाल्या का?" ती तेरा दिवस राहिली.

संमतीपत्र खिशात होतं. सही करून संध्याकाळची गाडी धरता आली असती. अव्वा कुणा शास्त्रज्ञाला ही गोष्ट सांगायला जाणार नव्हत्या. तिचं नाव छापून आलं असतं.

मी मॅडमकडे गेलो आणि ऐकलं तसं सांगितलं.

"गुळाचं पाणी," त्या म्हणाल्या. मग पुन्हा तेच, अगदी हळू. इतका वेळ मोठ्याने बोलणाऱ्या बाईंचा आवाज एकदम बसला. "नाही हो. तिनं परत आल्यावर तपासलं होतं. औषधाच्या प्लेटवर."

तो भाग काढून टाकताना त्याच्या जागी वसूने एका विषारी औषधाला पुरून उरणारा जनुक बसवला होता. म्हणजे ते औषध घातलेल्या प्लेटवर तिचंच यीस्ट वाढणार, बाहेरचं मरणार. ती तिची ओळखखूण. तिने तळघरातून आणलेल्या प्रत्येक ठिपक्याची अशी परीक्षा घेतली होती आणि सगळे ठिपके वाढले होते. वहीत आहे.

मॅडम उभ्या होत्या त्या बसल्या. टेबलावर बोटाने एक गोल काढला.

"ठिपक्यात दोन्ही असतील. तिचं आणि गुळातलं. औषधावर तिचं वाढलं, ठिपका भरलेला दिसला. मग तोच ठिपका गरम पेटीत ठेवला. तिथं तिचं मेलं, गुळातलं राहिलं. राहिलेल्यातली एक वसाहत तिनं उचलली. तिला सात नंबर दिला." त्या थांबल्या. "त्या सातला पुन्हा औषधावर कुणी घातलंच नाही. तिनं नाही. मी पण नाही. आमचं तपासून झालंवतं की."



"नसंलही तसं," मग त्या उठत म्हणाल्या. "बघितल्याशिवाय बोलायचं नाही."

त्यांनी उणे ऐंशी अंशांच्या कपाटातून दोन बारीक कुप्या काढल्या. दोन्हींवर वसूचं अक्षर. एकीत तिचं मूळ यीस्ट, दुसरीत सात नंबर. औषधाच्या प्लेटच्या एका अर्ध्यावर एक रेघोटलं, दुसऱ्या अर्ध्यावर दुसरं. मी कुपी बघायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "मुठीत नका धरू. ऊब लागते." आणि लगेच ती परत ठेवली.

"शनिवारी सकाळी या."

शुक्रवार, बिद्रीच्या वाटेवर

बसवराज मला गुऱ्हाळ दाखवायला घेऊन गेला. त्याला वाटलं मी उदास आहे तो वसूमुळे. अव्वांनी पाठवलं असणार.

बिद्रीकडे जाणाऱ्या रस्त्याला साखर कारखान्यावर निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग होती. गुऱ्हाळ आडबाजूला. चरकातून रस, रस काहिलीत, काहिलीखाली चिपाडांचा जाळ. काहिलीवरचा गुळव्या पलीकडच्या माणसाशी बोलताबोलता भेंडीच्या रसाने मळी वर आणत होता आणि झाऱ्याने काढत होता. पाक कधी झाला हे तो बुडबुड्यांवरून ओळखतो. मी घड्याळ बघितलं तर म्हणाला, "पावणं, घड्याळावर गूळ हुत न्हाई."

गरम गूळ पळसाच्या पानावर दिला. मी खाल्ला. खरोखर चांगला होता, आणि चांगला लागला याचीच लाज वाटली.

चरकाच्या बुडाशी एका खळग्यात सांडलेला रस साचला होता. त्यावर पांढरा फेस होता आणि तो सारखा हलत होता, आतून कुणी फुंकर घालावी तसा. आंबूस वास. मी वाकून बघत राहिलो.

"त्ये काय बगताय, घाण हाय," गुळव्या म्हणाला.

"हे कुठून येतं?"

"त्येला काय बोलवावं लागतंय? आपसूक येतंय. कितीबी धुवा."

बसवराज म्हणाला, "आवं, आमच्या तळघरात बी पावसाळ्यात येक-दोन ढेपा अशाच पाझरत्यात. त्योच वास."

मी त्या खळग्यापाशी इतका वेळ बसलो की त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

शनिवार

मॅडमनी प्लेट पांढऱ्या कागदावर ठेवली होती. झाकण काढलं नाही. त्याची गरज नव्हती.

डावीकडे वसूचं यीस्ट. टाचणीच्या माथ्याएवढे पांढरे ठिपके, ओळीने. उजवीकडे सात नंबर. तिथे काही नव्हतं. रेघोटलेल्या खुणासुद्धा पुसट झाल्या होत्या. तपासायला दिलेल्या मजकुराचं अर्धं पान कोरं यावं तसं ते दिसत होतं, आणि मी पुन्हा पुन्हा तिथे अक्षर शोधत होतो.

"संपलं," मॅडम म्हणाल्या. खिडकीतला साचा त्यांनी उचलून हातात धरला. "आमचे बाबा सांगायचे, ओतलेल्या मालात पोकळी निघाली तर तो पुन्हा भट्टीत. कुणाचा हात होता ते कुणी विचारायचं नाही, कारण विचारत बसलं तर भट्टी गार होते. निबंध मागं घेते मी. परवा गेला असता."

"तिचं काय उरलं?" मी विचारलं.

"डावीकडचं. तिनं स्वतः केलेलं यीस्ट, त्याची शिडी." त्या थोड्या घुटमळल्या, पण खोटं बोलणं त्यांना जमत नसावं. "त्यात नवं काही नाही. दुसऱ्यांनी आधी दाखवलेलं आहे. खरं आहे, एवढंच."

मग त्यांनी सहावी वही माझ्यासमोर ठेवली. तळघराच्या त्या नोंदीची दुरुस्ती करायला हवी, नाहीतर उद्या कुणीतरी सात नंबर काढून पुन्हा त्यावर दोन वर्षं घालवील. "मी लिहिलं तर ऐकीव होईल. तुम्ही अव्वांच्या तोंडून ऐकलंय. तुम्ही लिहा."

वही घेऊन मी वसूच्या खोलीत दोन तास बसलो. एक अक्षर लिहिलं नाही. तीन वाजता पिशवी घेऊन खाली आलो. अव्वा सोप्यात शेंगा फोडत होत्या.

"झाली सही?"

"नाही. तो निबंध छापणार नाहीत."

"का वो?"

"तपासताना चूक सापडली."

"वसूची?"

"नाही."

त्यांचा हात थांबला. "मग, माजी?"

मी दारात उभा होतो. "नाही, अव्वा," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तम्मा," त्या म्हणाल्या. आतापर्यंत पावणं म्हणत होत्या. तम्मा म्हणजे कन्नडात धाकटा भाऊ. "तुमी बी माज्यागतच न्हाई म्हनताय. परवा खीर खाताना तुमचा हात थांबला, मी बगितलाय. बसा हितं. सांगा."

मी बसलो आणि सांगितलं. छत्तीस मण्यांपासून आजच्या प्लेटपर्यंत. साध्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी मधे काही विचारलं नाही. शेंगांची टरफलं तेवढी बोटांनी बारीक करत राहिल्या.

"म्हंजे तिची मेली, आन माजी जगली."

"हो."

"आन दोन वरसं ती माजीच सांबाळत बसली."

  खाली बसवराज कुणाशी तरी भावावरून हुज्जत घालत होता.

"त्या दिसाचं काय लिवलंय तिनं? वाचा."

मी वाचलं. 'अव्वांना विचारलं, कुणी हात लावला नाही.'

"खोटं हाय ते."

"तिने खोटं लिहिलेलं नाही."

"व्हय. माजं खोटं हाय. खोडा ते."

"खोडता येत नाही," मी म्हणालो. "एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं काय ते लिहायचं. मग सही आणि तारीख."

"मग मारा की रेघ. मी सांगतो, तुमी लिवा."

मी रेघ मारली. अव्वांनी सांगितलं तसं लिहिलं: 'वसू गावाला गेलती. आठव्या दिवसापासनं रोज मी डब्यांत गुळाचं पानी घाटलं. तिनं इचारलं तवा न्हाई म्हनलं.' एरवी असा मजकूर माझ्या हातून तसाच सुटला नसता. इथे मी एकही मात्रा बदलली नाही.

अव्वांनी टरफलं झटकली, पदराला हात पुसले आणि पेन घेतलं. शाळा कन्नडात चौथीपर्यंत झालेली. सही कन्नडात, सावकाश, एकेक अक्षर गोल वळवून. मग पेन वर धरलं.

"तारीख कंची घालू? आजची, का त्या दिसाची?"

"आजची," मी म्हणालो.

त्यांनी ती घातली. गाडीला अजून वेळ होता. वही मॅडमकडे पोचती करायची म्हणून मी रिक्षा बघायला खाली गेलो. रिक्षा घेऊन आलो तेव्हा अव्वा डोक्यावर पदर घेऊन, पायात चपला घालून, वही हातात धरून दारात उभ्या होत्या.